पाटाच्या वळणावरची शिट्टी

कुणी म्हणालं, "आमचा कॉम्प्युटर आपोआप चालू होतोय, घरात काहीतरी आहे," की मी त्याला आधी अर्थिंग तपासायला सांगतो. असे 'झपाटलेले' कॉम्प्युटर मी कितीतरी ठीक केलेत... कुठं आत पाल मेलेली, कुठं उंदरानं वायर कुरतडलेली. या ग्रुपवरचे अनुभव वाचून हसणारा माणूस आहे मी. माझी बायको सविता म्हणायची, "इतकं हसू नका, एक दिवस तुमच्यावरच लिहायची पाळी येईल." तर आली. लिहून राह्यलो.

जागा सांगतो. जालना जिल्हा, अंबडकडून अंकुशनगरला जाताना कारखान्याच्या अलीकडं, पाटाच्या कडेला आमचं घर. पत्र्याचं, मागं गोठा, चारी बाजूंनी ऊस. पाट जिथं वळतो ते वळण घरापासून दीड-एक किलोमीटर. आम्ही मूळचे मेंढरंवाले. बा होता तोवर मेंढरं होती, तो गेला आणि ती विकली. आता मी अंबडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, धाकटा भाऊ हरी उसाचं ट्रॅक्टर चालवतो.

घरात एका कोपऱ्यात माझा सर्व्हर आहे. नाव मोठं, पण आहे जुनाच डबा – बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासमधून भंगारात आणलेला, त्यावर विंडोज २०००. होय, अजून चालतं. नेटला जोडलेलं न्हाई, तेवढी अक्कल आहे मला. घरच्या वायफायपुरतं, त्यावर लग्नांचे फोटो, कॅसेटीवरून उतरवलेली भजनं, असलं सगळं. लोक विचारतात, नवं का घेत न्हाईस? एक तर चालती चीज फेकून द्यायची मला खाज न्हाई. दुसरं म्हणजे, याच्या बोर्डाला तो जुना बारका स्पीकर आहे, मशीन चालू करताना टूं करणारा. त्यातून आपल्याला पाहिजे तो सूर काढता येतो. नव्या मशीनला तो नसतोच.

आता बाच्या शिट्टीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार न्हाई. मेंढरं घेऊन परत येताना बा पाटाच्या वळणावरून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी द्यायचा. दोन तुटक, एक लांब. ती ऐकली की माय चुलीवर तवा चढवायची आणि अंगणातून उलट शिट्टी द्यायची – एकच, शेवटी वर चढत जाणारी. म्हणजे, ऐकलं, या. आमच्यात बाया शिट्टी देतात, कुणी नाक मुरडू नये. आणि माय रुसलेली असली की उत्तरच द्यायची न्हाई! मंग बा सगळी मेंढरं घेऊन वळणावरच बसून राहायचा. एकदा चांगला अंधार पडला, मेंढरं ओरडून ओरडून बेजार झाली, तरी गडी हलंना. शेवटी मायलाच हसू आलं. उत्तर आल्याशिवाय घरात पाय टाकायचा न्हाई, हा त्याचा कायदा.

मी सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. घरातल्या माणसाचा फोन वायफायच्या टप्प्यात आला की मशीन त्याची खूण वाजवणार. माझी एक टूं, सविताच्या दोन. हरीला मात्र बाची शिट्टी लावली. हरी शिट्टी बाकडूनच शिकला होता. मी बोर्डिंगात शिकलो, माझ्या तोंडातून नुसती थुंकी उडते. माय त्या मशीनला 'डबडं' म्हणायची, पण डबडं हरीच्या नावानं वाजलं की तिचा तवा चढलाच. हरी गाडी लावून पाय धुवेस्तोवर भाकरी फुगलेली असायची.

मागच्या उसाच्या हंगामात हरीचं लग्न जमलं. कुंकू लागलं. मंग मुलीकडून निरोप आला – ड्रायव्हरला देत न्हाई, पर्मनंट नोकरी पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हरीचं अंथरूण रिकामं. फोन फडताळात ठेवून गेल्ता.

सगळ्या पाहुण्यांना फोन झाले, ठाण्यात नोंद झाली. काही पत्ता न्हाई. मायला घास उतरंना. रस्त्यानं ट्रॅक्टर गेलं की उठून बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मला दुकानात बसवत न्हवतं आणि घरीही. कुणाच्या तरी हातात पाना-पक्कड बघितली की ट्रॅक्टर खोलून बसलेला हरी आठवायचा आणि चिडायचो. रोज दुकानातून येताना मी गाडी पाटाच्या दरवाजापर्यंत घालायचो, पाण्यात वाहून आलेलं जिथं अडकतं तिथपर्यंत. तिथं उभा राहून पाण्याकडं बघायचो आणि परत यायचो. हे मायला अजूनही ठाऊक न्हाई.

अशात एका दुपारी आम्ही तिघं घरात असताना मशीन वाजलं. दोन तुटक, एक लांब.

माय पदर खोचून उठली. "हरी आला," म्हणाली आणि तवा चढवला. मी फडताळ उघडलं. फोन तिथंच, बंद, चार्जिंग कधीच संपलेलं. मशीनवर बघितलं, कुठलाही फोन टप्प्यात आल्याची नोंद न्हाई.

"माय, प्रोग्रॅम बिघडलाय," मी म्हणालो.

"तू बाहेर तर बघ."

बघितलं. डोक्याच्या वर गेलेला ऊस, दुसरं काय दिसणार? मायनं भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या, कुणाला हात लावू दिला न्हाई. मी तो प्रोग्रॅम पुसून टाकला. पुन्हा असलं काही नको होतं मला, मायचं तोंड बघवत न्हवतं.

पुढच्या आठवड्यात लाईट गेली होती. मशीन बंद. त्याचं झाकण काढून मी पंख्यातली धूळ साफ करत होतो. माझ्या हाताखालूनच आवाज आला. तोच. दोन तुटक, एक लांब.

सविता दारात सूप घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो... लाईट न्हाई ना?"

माय तोवर तवा चढवून पीठ घेऊन बसलीही होती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडलो, "उतरव तो तवा!" जन्मात मी मायवर आवाज चढवला न्हवता. ती भाकरी थापत राह्यली. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. बिलकुल घाबरलो होतो. तो स्पीकर उपटला आणि गोठ्यात स्क्रूच्या डब्यात नेऊन टाकला. आता वाज म्हणालो.

वाजला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवस कलायच्या वेळेला. स्पीकर गोठ्यातल्या डब्यात, आणि आवाज त्याच कोपऱ्यातून. तिघांनी ऐकला.

या वेळी मायनं तवा चढवला न्हाई. माझ्याकडं बघत म्हणाली, "उत्तर कुणी दिलं?"

"कशाला उत्तर?"

"शिट्टीला. तीनदा आली, एकदा तरी दिलं का कुणी? तू तुझ्या डबड्याला शिट्टी शिकवली, उत्तर शिकवलं का? बसला असंल तो वळणावर, तुझ्या बापावाणी."

ती अंगणात गेली. दोन बोटं तोंडात घातली. दात सगळे गेलेले तिचे, नुसती हवा निघाली. पुन्हा घातली, पुन्हा हवा. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि ही आपली फुंकतेय. मी करून बघितलं, थुंकी उडाली.

सविता म्हणाली, "अहो, गाडी घेऊन वळणावर जा ना."

"गाडीचा आवाज ऐकून उठून जाईल तो," माय म्हणाली. "शरमंचा पोरगा हाय. आधी उत्तर दे."

मी गोठ्यात पळालो. स्पीकर आणला, जोडला, मशीन चालू केलं. चालू व्हायला ते आपला नेहमीचा वेळ घेणारच, मी उभ्याउभ्या त्याला शिव्या देत होतो. दोन ओळी लिहिल्या, माय बाजूला बसून तोंडानं सूर सांगत होती. "अजून वर... शेवटाला अजून चढव... हां, बराबर." मी एंटर दाबला.

बारकासा आवाज. अंगणात उभ्या असलेल्या सवितालासुद्धा तो ऐकू गेला न्हाई. मला स्वतःची कीव आली. एवढा कॉम्प्युटरवाला माणूस, आणि काय करतोय! मायनं मात्र डोळे पुसले आणि तवा चढवला.

पहिल्या दोन भाकरी झाल्या असतील. पाटाच्या भरावावरून हरी चालत आला. खांद्यावर घोंगडी, दाढी वाढलेली, निम्मा झालेला. मला रडू आवरंना. मायनं वर बघितलं आणि एवढंच म्हणाली, "पाय धू."

जेवताना त्यानं सांगितलं. मेंढरंवाल्यांच्या एका फिरत्या तळासोबत गेल्ता. धावडा गावाकडं शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती, मंग तळ फिरत फिरत इकडं आल्ता. "तीनदा आल्तो वळणापर्यंत," तो म्हणाला. "शिट्टी दिली. दोनदा उत्तर न्हाई. वाटलं, माय रुसलीय, आता काय तोंड दाखवायचं. गेलो वापस. उद्या तळ परभणीकडं हलणार. आज शेवटचं म्हणून आल्तो."

तुम्ही म्हणाल, त्याचीच शिट्टी तुम्हाला ऐकू आली. बाच्या वेळी माळ उघडा होता, तेव्हा यायची. आता मध्ये एवढा ऊस, वर ट्रॅक्टरवाल्यांची गाणी. माणूस वळणावर बोंबलला तरी घरी कळत न्हाई. बरं, तेही सोडा. हरी जेवता जेवता थांबला आणि मला म्हणाला, "दादा, तू शिट्टी कवा शिकला?"

"मी कुठं शिकलो?"

"मंग आज कुणी दिली? दोन बोटांची होती, चांगली घुमणारी. माझ्यासंगचं कुत्रं उठून उभं राह्यलं."

माय तव्यावरची भाकरी उलटत होती.

स्पीकर, कपॅसिटर, बोर्डातली गळती, सगळं मी स्वतःलाच सांगून बघितलंय, कृपया पुन्हा सांगू नका. प्रोग्रॅम मी परत लिहिला न्हाई. मशीन त्याच कोपऱ्यात आहे, त्यावर तेच विंडोज. दुकानात लोकांना अजूनही अर्थिंग तपासायला सांगतो, फक्त हसत न्हाई.

हरी आता रोज संध्याकाळी वळणावर थांबून शिट्टी देतो आणि उत्तर आलं की निघतो. रोज येतं म्हणतो. आम्हाला घरात ना त्याची शिट्टी ऐकू येते, ना उत्तर. माय मात्र बराबर त्याच वेळेला तवा चढवते.