दुसरी चूल

सोनाळ्याहून मी निघाले तेव्हा बाबा शेतातल्या आमच्या दगडी घराच्या पायरीवर बसून होते. बैलगाडी जुंपलेली, आई दशम्या बांधत होती. गावात सगळे म्हणत होते, पोरगी नर्स व्हायला चालली म्हणजे हातची गेली. बाबांनी कोणाचं ऐकलं नाही. "जाय तू," म्हणाले, "पण येशीन तवा हक्कानं येजो."

शेगावला गाडी पकडली, मनमाडला बदलली आणि पुण्याची झाले. हॉस्टेलात पहिल्याच दिवशी "मले पाणी पाहिजे" म्हटलं तर पोरी खो-खो हसल्या. मग मीही 'मला' शिकले. पण राग आला की अजून 'मले'च निघतं, आणि मला राग बऱ्यापैकी येतो. पुढे सिस्टर झाले, क्वार्टर मिळालं: एक खोली, स्वतःचं दार, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर वेळ नव्हता म्हणून सांगते.

महाराष्ट्र झाला त्याच्या आगेमागे आई-बाबा दोघंही गेले. घरात उरले दादा-वहिनी. वरची धाब्याची माती खचून छत गळायला लागलं होतं. मी म्हटलं, छत नीट करू आणि शेजारी एक नवी खोली काढू, स्लॅबची. सुट्टीला आले की मला राहायला होईल. दादा खूश. दगडी भिंतींना हात लावायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. मी मिस्तरीला डिट्टो क्वार्टर सांगितलं: मोठ्या खिडक्या, सिमेंटचा कोबा, ओटा, वर धुराडं, बाहेरून वेगळं दार.

स्लॅब पडला तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. आणि त्याच दिवसापासून दादा माझ्याशी बोलेना. जेवायलाही येईना, भाकरी लांबच्या वावरात मागवायचा. शेवटी वहिनीच रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "बाई, दुसरी चूल मांडून राह्यल्या तुम्ही. हिस्साच पाहिजे होता तर सांगाचं होतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे एका घरात दुसरी चूल आणि दुसरं दार म्हणजे वाटणी, विषय संपला. त्यात लेकीला कायद्यानं हिस्सा मिळतो हे गावभर झालेलं. बहीण वाटणी घेते काय, असं जो तो दादाला विचारत होता, आणि दादाला मला विचारायचा धीर होत नव्हता. एकुलता एक भाऊ तुटायची वेळ आली, आणि ती कशापायी, तर एका ओट्यापायी!

तशीच तणतणत वावरात गेले. "मले हिस्सा पाहिजे असता तर तोंडानं मागतला असता! मले कोणाचं भेव आहे काय?"

दादा खाली बघत म्हणाला, "मंग दार वेगळं काऊन?"

"क्वार्टरले असतेच वेगळं, म्हणून!"

दादा हसला, पण डोळे भरलेले. माझेही भरले.

दुसऱ्याच दिवशी ते बाहेरचं दार विटांनी बुजवून टाकलं. आता आत जायला वाट हवी, म्हणजे जुनी भिंत फोडणं आलं. हातभर जाडीचा दगड. मिस्तरी कचरत होता. ज्या दादानं त्या भिंतीला हात लावू दिला नव्हता, त्यानंच लोखंडी सब्बल उचलली. संध्याकाळपर्यंत वहिनींच्या स्वयंपाकघरातून माझ्या खोलीत वाट झाली.

ओटा पाडायला मात्र वहिनींनी साफ नकार दिला. "काऊन पाडता? जिंदगीभर मी वाकूनच भाकरी भाजू काय?" त्यांनी खालची जुनी चूल मोडली आणि माझ्या ओट्यावर नवी मांडली. घरात चूल एकच, पण ती माझ्या खोलीत.

पुण्यात टकटक केल्याशिवाय माझ्या दारातून कोणी आत पाऊल टाकत नाही. तिथं मी सुखात आहे, खोटं कशाला बोलू? पण गावी राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही, सगळेच विचारता, की बाई, तुझं घर कोणतं? तर ऐका. सुट्टीत मनसोक्त झोपावं म्हणून मी हौसेनं खोली बांधली; तिथं भल्या सकाळी भाकऱ्या थापल्याचा आवाज सुरू होतो आणि वहिनी म्हणतात, "उठा बाई, खाट सरकवा तिकडं, मले परात ठेवाले जागा नाही." आणि अख्ख्या वॉर्डात कोणाचं न ऐकणारी मी मुकाट्यानं खाट सरकवते.