काकडाविना शेवळं

नवी मुंबई अजून वसलेलीच नाही असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे, आणि माझ्या दुर्दैवाने ती माझी घरमालकीण आहे. रबाळ्याच्या जुन्या गावठाणात तिच्या मुलाने बांधलेल्या इमारतीत मी बरीच वर्षं भाडेकरू आहे. मी मूळचा कराडचा, नोकरी बेलापूरच्या सरकारी कचेरीत. आठवडाभर फायली उपसाव्यात आणि रविवारी अंग टाकावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. पण पावसाळा लागला की ही मावशी रानभाज्या खुडायला कोयती आणि पिशवी घेऊन सकाळीच दारात उभी. मी मुकाट्याने स्कूटर काढायची. मागे बसून ती रस्ता सांगते, पण त्यात सेक्टर नाही, सिग्नल नाही. थोरल्या दिराच्या खाचरावरून डावीकडे, मग बांधाबांधाने सरळ. त्या खाचरावर आता मोटारींचं शोरूम आहे, हे तिला सांगून सांगून मी थकलो.

एकदा महाप्याला ती एका कंपनीच्या फाटकातून थेट हिरवळीवर शिरली. कडेला टाकळा माजला होता. वॉचमन धावत आला, तर तिने त्यालाच सुनावलं, "तू उभा हाय ना, तिथं आमचं खळं होतं." तो बिचारा बिहारचा. त्याला अक्षर कळलं नाही, पण त्याने तिला खुर्ची आणून दिली. मी बाहेर हेल्मेट घालूनच उभा होतो, न जाणो आमच्या साहेबांपैकी कोणी तिथून जायचं. बरं, एवढा तमाशा करून पिशवी भरावी, तर तेही नाही. कुठलीही भाजी ती निम्मीच खुडते. बाकीची बियाण्याला. उद्या कंपनीचा माळी येऊन हिरवळीच्या कडेचा हा टाकळा उपटून टाकणार, हे दिसत असूनही बियाण्याला!

तिचा खरा जीव शेवळांवर. जमिनीतून वर येणारा हा जांभळट कोंब चवीला मटणाच्या तोंडात मारेल असा, पण घशाला भयंकर खाजरा. त्यावर उतारा म्हणजे काकड, त्याच सुमारास झाडाला येणारी आवळ्याएवढी आंबट फळं. काकडाविना शेवळं शिजवायची नाहीत. आणि शिजली की पहिला वाटा शेताच्या राखणदार देवाला, बांधावर, पानात. शेत आता इमारतीचं पार्किंग झालंय. म्हणून ते पान मुलाच्या मोटारीच्या मागच्या चाकाशी ठेवलं जातं. दरवर्षी तो गाडी मागे घेतो, चाक पुसतो आणि काही बोलत नाही.

यंदा मात्र बोलला. डोंगराच्या वाटेवरचं काकडाचं झाड रस्तारुंदीकरणात गेलं होतं. मावशी आणि मी त्या तोडलेल्या बुंध्याशी उभे राहिलो. मी म्हटलं, मावशी, एक वर्ष राहू द्या. ती म्हणाली, राखणदाराला काय सांगू? घरी येऊन तिने चिंचेचा कोळ ओतून ओतून भाजी केली. दुसऱ्या घासाला सगळ्यांचे घसे धरले. धाकटी नात रडरड रडली. मुलाने हात धुतले आणि शांतपणे सांगितलं, "आई, आता बस झालं. या घरात रानातलं काय शिजायचं नाय." मावशीने पातेलं उचललं. सुनेने पुढे केलेला हात बाजूला सारून तिने ते स्वतःच घासलं.

पुढच्या रविवारी ती आली नाही. ज्या रविवारची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली तो हा. दहापर्यंत लोळलो, पण झोप लागेना. शेवटी वर गेलो. ती गॅलरीत बसली होती. कोयती कुठे दिसली नाही. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, काकडाचं दुसरं झाड शोधू, पुढच्या वर्षी रीतसर करा, मुलाची समजूत मी घालतो. फक्त कुठे जायचं ते सांगा.

तिने समोरच्या इमारतींकडे पाहिलं.

"मना ठाव नाय, बाला."

तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, डोंगराच्या पलीकडे कुठेतरी एखादं असणारच. मला काकडाचं झाड धड ओळखता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी मान हलवून ती म्हणाली, "असंल." माझं मन राखायला.