नासिरच्या दुरुस्त्या

माझा दोस्त नासिर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. नांदुऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. त्याच्या हृदयाच्या गोळ्या माझ्याकडूनच जायच्या. “विजू, अपना नासिर गया रे...” त्याची थोरली बहीण शबानाआपा एवढंच बोलू शकली. खरं सांगतो, मला आधी रडू नाही, रागच आला. थोड्याच दिवसांपूर्वी दवाखान्यात भेटायला गेलो, तर हा पठ्ठ्या तब्येतीचं सोडून मलाच विचारत होता, “माह्या दुरुस्तीचं उत्तर आलं असन का बे?”

दुरुस्ती म्हणजे काय, ते सांगायला हवं. संगणकात फायली कुठे आणि कशा ठेवायच्या हे पाहणारी एक व्यवस्था असते. बाकीच्या प्रोग्रामांनी तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं, याची इंग्रजी माहिती जगभरातले लोक मिळून लिहितात, तीही फुकट. त्या माहितीतल्या स्पेलिंगच्या चुका नासिर सुधारायचा. दुखण्यामुळे पुण्यातली नोकरी सोडून तो गावी आला, स्टेशन रोडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा हे काम घेऊन बसायचा. मी त्याला छळायचो, “एखादं अक्षर चुकलं तर कोणाचं काय अडते बे?”

“माह्यं अडलं होतं ना,” तो म्हणाला. पुण्यात नवा असताना असाच एक चुकलेला शब्द तो कितीतरी वेळ शब्दकोशात शोधत बसला होता. छापलेलं चुकू शकतं, हे त्याच्या मनातही आलं नाही. “मले वाटलं, आपण उर्दू शाळेतले, आपलंच इंग्रजी कच्चं. आता माह्यासारखा कोणी कुठं वाचून राह्यला असन... त्याले तसं वाटाले नको.” मी चहा मागवला.

त्याचे वडील, यूसुफचाचा, पिंजारी. आयुष्यभर कापूस पिंजून गाद्या भरल्या. मी दिसलो की दबक्या आवाजात विचारायचे, “विजू, ये दिनभर करता क्या है? दिखता तो कुछ नहीं.” नासिरच्या कानावर ते गेलं होतं आणि त्याला ते फार लागलं होतं. छोट्या दुरुस्त्या त्याच्या पुष्कळ स्वीकारल्या गेल्या होत्या, पण या खेपेला त्याने त्या माहितीतलं एक अख्खं प्रकरण तपासून पाठवलं होतं. “हे एकदा आत जाऊ दे, मग अब्बाले बसवून दाखवतो,” म्हणायचा. ते राहिलं.

ती माहिती सांभाळणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं ते नासिरला दफन केल्यानंतर. काम चांगलं आहे, पण दोन भाग करून पुन्हा पाठवा, एका वेळी एकच बदल घेण्याची आमची पद्धत आहे. शबानाआपा शाळेत शिकवते, तिने इंग्रजीत कळवलं की पाठवणारा आता नाही. विषय संपला असं आम्ही धरून चाललो होतो. काही दिवसांनी पुन्हा उत्तर... त्या कोण कुठल्या माणसाने स्वतः बसून त्याचे दोन भाग केले होते आणि दोन्ही नासिरच्या नावाने आत घेतले होते. शेवटचा हात कोणीही फिरवो, नाव मूळ काम करणाऱ्याचंच राहतं, ही आमची रीत, असं त्याने लिहिलं होतं. आपाने फोनवर वाचून दाखवलं आणि मी गिऱ्हाईकासमोर ढसाढसा रडलो.

संध्याकाळी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन चाचांसमोर बसलो. चाचांना इंग्रजी अक्षरं जोडून नावापुरतं वाचता येतं. आपाने ओळीखाली बोट धरलं.

“नासिर...” त्यांनी वाचलं. मग पुढचा शब्द लावला आणि थांबले. आपल्याकडे मधलं नाव बापाचं.

“इसमें मेरा नाम काऊन डाला?”

“हर बार डालता था, अब्बा,” आपा म्हणाली.

चाचा लॅपटॉपच्या जवळ सरकले. मग म्हणाले, “और दिखा.” आम्ही त्याच्या जुन्या दुरुस्त्या एकेक करून उघडत गेलो. प्रत्येक वेळी ते नासिरचं नाव मोठ्याने वाचायचे, आणि स्वतःचं आलं की गप्प व्हायचे.