न कापलेलं हाड

धाकट्या जावेनं दार स्वतः उघडलं, तिथेच माझं डोकं फिरलं. हृदयाची झडप दुरुस्त करून ती नुकतीच घरी आली होती आणि मी विश्रांतवाडीहून बस बदलत, शहाळी सांभाळत कर्वेनगरला तिला बघायला गेले होते. आजारी माणसानं कसं पलंगावर असावं. आपण उशाशी बसावं, ‘पडून राहा गं’ म्हणावं. ही उभी, वर मलाच विचारते, “ताई, चहा टाकू ना?”

माझी झडप बदलली तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्या कुठे येऊ लागल्या होत्या. माझं छातीचं हाड करवतीनं मधोमध कापलं होतं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, नाहीतर जीव जायचा. तेव्हापासून मी बंद गळ्याचे ब्लाउज शिवते. हिच्या गाऊनचा गळा चांगला रुंद होता.

“शिंकताना उशी धरतेस ना?” मी विचारलं.

“उशी कशाला? हाड कापलंच नाही.” उजव्या कुशीवरच्या बारीक खुणा तिनं दाखवल्या, डास चावल्यासारख्या. “डॉक्टर तर माझ्याजवळ नव्हतेच. कोपऱ्यात बसून पडद्यात बघत रोबोचे हात हलवत होते म्हणे.”

“बसून का? बरंय. माझ्या डॉक्टरांचे पाय दुखले असतील बिचाऱ्यांचे.”

ती खळखळून हसली. हसताना तिनं छाती धरली नाही.

तिचा मुलगा आयटीत, कंपनीचा विमा आईलाही, हे मी गिळलं असतं. पण आमच्या घरात हृदयाचं दुखणं माझं होतं. ‘वहिनींना जड उचलू देऊ नका’ हे सणासुदीचं वाक्य माझं होतं. तेही हिनं घेतलं, आणि दुखणं मात्र घेतलं नाही.

शिवाय माझी बसवलेली झडप आता झिजली आहे. जिना चढताना धाप लागते. हिचं ऐकून दोन दिवसांनी मी घरी न सांगता तिच्याच डॉक्टरांकडे गेले, म्हटलं, मलाही रोबोनंच करा. त्यांनी रिपोर्ट पाहिले. “तुमची छाती एकदा उघडलेली आहे. आत सगळं चिकटलंय, या हातांना जागा मिळणार नाही. पुन्हा उघडूनच करावं लागेल.” म्हणजे आधी कापलं होतं म्हणून आता परत कापायचं!

त्याच आठवड्यात पुन्हा तिच्याकडे गेले, तेव्हा चहा पिताना मी हे तिला सांगून टाकलं. तिनं कप खाली ठेवला. माझ्या ऑपरेशननंतर मला हात वर करता येत नव्हते, तेव्हा माझी वेणी रोज हीच घालायची. आता मी तिची घालीन म्हणून आले होते. तिचे केस विंचरून झालेले होते.

“तारीख ठरली की सांगा. मी येते राहायला.”

“अगं, तूच आजारी आहेस.”

“मी कुठे, ताई?”

हेवा जिचा वाटत होता, तीच मला उशाशी हवी होती. राग आला तो याचाच. मी म्हटलं, “लवकर ये.”