पावडरीवरची पावलं

टाल्कम पावडरचा वास आला की मला जे. पी. नगरमधला तो हॉल आठवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे लहान मुलांना बॉलरूम डान्स शिकवायचे. पाय सहज सरकावेत म्हणून आमच्या बाई लाल फरशीवर पावडर भुरभुरायच्या आणि आम्ही चपला बाहेर काढून अनवाणी नाचायचो. त्या दुपारी माझा जोडीदार आला नव्हता. बाई म्हणाल्या, "समोर कुणीतरी आहे असं समजून हात धर, सरी?" बाईंच्या कानडीत सरी म्हणजे 'ठीक आहे'. मी हवेत हात धरले, डोळे मिटले आणि वॉल्ट्झच्या तालावर मागेपुढे सरकू लागले. थोड्या वेळानं उजवा तळहात गार पडला, आणि मग कुठे वळायचं हे मला आठवावं लागेना. गाणं संपलं. कौतुक करायला बाई माझ्या कोपऱ्यात आल्या आणि खाली बघून थांबल्या. पावडरीत माझ्या पावलांसमोर, बोटं माझ्याकडे केलेली, आणखी दोन लहान पावलं उमटली होती. बाईंनी फडका आणून ती पुसली. "घरी सांगू नको," एवढंच म्हणाल्या आणि पुढचं गाणं माझा हात घट्ट धरून स्वतःच माझ्याबरोबर नाचल्या. काल माझ्या मुलीला अंघोळीनंतर पावडर लावताना डबा कलंडला. सांडलेल्या पावडरीवर ती दोन्ही हात वर धरून, डोळे मिटून, मागेपुढे सरकायला लागली. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. मी तिला पटकन कडेवर घेतलं आणि खाली न बघता फरशी पुसून काढली.