पाण्याच्या वेळेचं गुपित

संरक्षण अर्थशास्त्रात पीएच.डी. करतोय म्हटलं की लोक माझ्याकडे जरा आदरानं बघायचे. गंगापूरच्या सासरेबुवांना तर माझी नेमणूक थेट सरहद्दीवरच आहे असं वाटायचं. प्रत्यक्षात मी क्रांती चौकामागच्या दोन खोल्यांत बसून एवढंच शोधत होतो, की धरणं, वीजकेंद्रं, पाण्याच्या टाक्या यांच्यावर कुणी घाला घालू नये म्हणून सरकारनं खर्च कशावर करावा.

नमुन्यादाखल मी आपल्याच शहराचा पाणीपुरवठा घेतला. टाक्या पाहिल्या, पंप पाहिले, कुठलं कुंपण कुठं तुटलंय ते लिहून घेतलं. शेवटी कळलं की आमच्या भागापुरती सगळी यंत्रणा एका माणसाच्या डोक्यात आहे. तो म्हणजे आमचे व्हॉल्व्ह सोडणारे मामा. कन्नडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठल्या गल्लीला पाणी जातं, हे एकाही नकाशात नव्हतं. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा, आणि वेळेचा पत्ता नाही. म्हणून व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी खांद्यावर टाकण्याआधी मामा कोपऱ्यावरच्या घरातल्या आपांना फोन करायचे. आपा गच्चीत उभ्या राहून परातीवर पळी बडवायच्या आणि पाच मिनिटांत गल्लीतल्या पाणी खेचायच्या साऱ्या मोटारी सुरू व्हायच्या.

मला ते पाहून घामच फुटला. इतकी नाजूक माहिती आणि ती परात बडवून जाहीर. मी मामांना चहा पाजला आणि तासभर समजावलं, की पाण्याची वेळ कुणालाही कळता कामा नये, अगदी ओळखीच्या माणसालासुद्धा नाही, कारण शत्रू ओळखीतूनच शिरतो. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "देशाचं काम हाय का?"

मी म्हटलं, हो. त्या रात्री मी या विषयावर चार पानांची शिफारस लिहिली आणि स्वतःवर बेहद्द खूष होऊन झोपलो.

हे सगळं केलं ते नेमकं माझ्या मुलीच्या बारशाच्या आठवड्यात. रविवारी बारसं, शुक्रवारपर्यंत पाणी येणार, त्यावर पंधरा पाहुण्यांची आणि दुपट्यांच्या ढिगाची भिस्त. शुक्रवारी भर दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, पाणी आलं आणि गेलं. परात वाजलीच नाही. संध्याकाळी नळाखालची ओली फरशी पाहून आपांनी मामांना फोन लावला आणि मग त्या तडक आमच्या दारात आल्या. मागे अर्धी गल्ली.

"पानी आके गया. मामा बोलरे, तुमीच मना करे."

मी संशोधनाची बाजू मांडायला लागलो. बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाईंनी घरातल्या भरलेल्या बादल्या मोजायला घेतल्या. बायकोनं बाजेवरूनच सुचवलं, की सरहद्द सांभाळून झाली असेल तर टँकरचं बघावं. लग्नसराईत टँकर सोमवारशिवाय मिळेना. मामांना फोन केला तर त्यांनी फोनवर असलं बोलणं बरं नाही असं सांगून कट केला.

रविवारी सकाळी पाहुणे येऊन बसले तेव्हा घरात तीन बादल्या होत्या. मी तोंड लपवत जिन्यात उभा होतो. तेवढ्यात खाली मोपेड थांबली. दोन्ही बाजूंना निळे कॅन बांधून मामा आले होते. त्यांनी तसल्या चार खेपा केल्या, दोन जिने चढून, शर्ट घामानं आणि पाण्यानं चिंब.

कुठून आणलं, असं मी विचारलं. मामांनी कॅन खाली ठेवला.

"ते इचारू नका, सर. वळखीच्या माणसालाबी सांगायचं नाय."

चेहरा इतका सरळ होता, की ते माझी चेष्टा करत होते की नियम पाळत होते हे मला आजतागायत कळलेलं नाही. आत त्याच पाण्यानं पोरीला न्हाऊ घालत होते आणि ती गल्लीभर ऐकू जाईल असं रडत होती. मला लाज वाटली आणि तितकाच आनंदही झाला.

पेढा खाऊन मामा निघाले. दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळले.

"आता आपांना फोन करू का? का देशाला इचारावं लागंल?"

मी हात जोडून म्हटलं, करा.