वाळवी न लागणारं लाकूड

आमच्या घराच्या मागच्या पडवीत बाबांचं सुतारकाम चालतं. तो त्यांचा धंदा नाही. ते रोह्याकडच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी फिटर आहेत, पण शिफ्टवरून आले की चहाचा कप हातात घेऊन थेट पडवीत जातात. गणपतीच्या आधी जोहे गावच्या मूर्तिकारांसाठी पाट, एरवी कुणाचं स्टूल, कुणाचं देव्हाऱ्याचं दार.

एके काळी कंपनीत युनियन होती आणि बाबा तिच्यात पुढे होते. तेव्हा घरात पत्रकांचे गठ्ठे असत. मी त्यांच्यावरच अक्षरं गिरवली. ‘ससा’ लिहायच्या आधी मला ‘निषेध’ लिहिता येत होता. पुढे युनियन मोडली, कायमचे कामगार कंत्राटी झाले, आणि उरलेली पत्रकं बाबांनी गंज चढू नये म्हणून लाकूड कोरायच्या पटाश्यांना गुंडाळली. आजही पटाशी काढताना एखादी मागणी जमिनीवर पडते. बाबा ती उचलून पुन्हा गुंडाळतात. वाचत नाहीत.

पावसाच्या तोंडाशी कंपनीचा टेम्पो आमच्या दारात आला. त्यात माल ठेवायच्या चौकटींच्या फळ्या होत्या. जाड, सरळ, एका बाजूने पिवळट डाग पडलेल्या. सुपरवायझरने फुकट दिल्या म्हणून बाबा खूश होते. मी म्हटलं, “फुकट? ती माणसं पगाराची पावती फुकट देत नाहीत, लाकूड कसं देतील?”

“तुला सगळीकडं कट दिसतो,” बाबा हसले. “लाकूड हाय गो ते. भाषण नाय.”

फळ्या पडवीत थेट मातीवर रचल्या गेल्या. आमच्याकडे हे कुणी करत नाही. गडब गावाच्या आसपास ज्याचं घर आहे त्याला विचारा. पावसात जमिनीला टेकलेलं लाकूड म्हणजे वाळवीचं जेवण. आमचं अर्धं कपाट तिने खाल्लं, आईच्या लग्नाची पेटी तळातून खाल्ली. पण त्या पावसात फळ्यांच्या ढिगावर मातीची एक रेघ चढली नाही. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायचे.

“बघा, वाळवी शिवत नाय. असलं लाकूड विकत मिळेल काय?”

आणि बघणारे खरंच हेव्याने बघायचे. आमच्या भागात लाकडाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. तुकडे उरले त्यांचे बाबांनी पोळपाट केले आणि आळीतल्या घराघरांत वाटले.

मला मात्र पडवीत जायला नको वाटू लागलं. ढलप्यांच्या खोक्यात बसून अंडी घालणारी आमची कोंबडी एक दिवस खोक्याच्या काठावर चढली, मान वाकडी करून आत बघत राहिली आणि उतरून गेली. पुन्हा आलीच नाही. आई बंब पेटवायला त्या ढलप्या वापरायची. त्यांची ज्योत बुडाशी हिरवी दिसायची आणि डोळ्यांतलं पाणी थांबायचं नाही. बाबांच्या बोटांची सालं निघू लागली. विचारलं तर म्हणायचे, “पॉलिश पेपरनं.” वीस वर्षं पॉलिश पेपर घासणाऱ्या माणसाची बोटं आत्ताच सोलायला लागली होती.

त्याच लाकडाचा बाबांनी पाळणा करायला घेतला.

ताई रोह्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्याकडे आली होती. बाबांनी इतकं सुंदर काम कधी केलं नव्हतं. चारही बाजूंना गोल दांड्या, कोपऱ्यांचे सांधे असे की नखसुद्धा आत जाईना, आणि दोन्ही टोकांना कोरलेले मोर. ताई रोज खुर्ची घेऊन समोर बसायची. एकदा तिने पाय लावून पाळणा हलवला तशी आई आतून धावत आली.

“रिकामा पाळणा हलवू नये गो! बाळाला बाधतं.”

“आई, हलवण्याने नाही बाधत,” मी म्हटलं. “लाकडाने बाधेल. वास घे जरा.”

“आली पत्रकवाली,” ताई म्हणाली. “माझ्या पोराच्या पाळण्यात पण मोर्चा काढ तू.”

बाबा रंधा मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. ते हसलेही नाहीत, आणि तेच मला खटकलं.

मी वाद घालणं सोडलं. घरामागे बांधावर एक जुनं वारूळ आहे. त्याच्या पायथ्याशी मी दोन तुकडे पुरले, एक आंब्याच्या फळीचा आणि एक पाळण्याच्या लाकडाचा. भात कापणीला आलं तेव्हा उकरून पाहिलं. तुकडे मी पुरले तसेच होते, दोन्ही. आंब्याचा तुकडाही कुणी खाल्ला नव्हता. वारुळाची कड काठीने पाडली. आत काही हललं नाही. कोरडी भोकं, आणि हाताला लागणारी भुकटी. ज्या वारुळाला माझ्या आजोबांनीही हात लावला नव्हता ते मेलं होतं.

मी बाबांना बांधावर नेलं. त्यांनी भुकटी चिमटीत घेतली, वास घेतला, हात लुंगीला पुसला.

“पावसानं मेलं असेल,” ते म्हणाले.

“पावसाने वारूळ मरतं?”

ते शिफ्टला निघून गेले. आता माझ्यापुढे एकच गोष्ट होती: ताईचं मूल त्या पाळण्यात झोपता कामा नये.

दिवाळीनंतर ताईला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी पाळणा माजघरातल्या तुळईला टांगला. झेंडूच्या माळा, ताईची मऊ साडी अंथरलेली, चारी कोपऱ्यांना फुगे. आळीतल्या बायका जमल्या. खेळती हवा नव्हती, बायकांच्या गर्दीने खोली तापली होती, आणि फुलांच्या वासाखालून लाकडाचा तो दुसरा वास हळूहळू वर येत होता. मी ताईला दोनदा बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिने ऐकलं नव्हतं. बाळाला पाळण्याखालून द्यायची वेळ आली तशी मी पुढे झाले आणि साखळी धरली.

“ह्यात ठेवायचं नाही.”

“सोड गो,” ताई दातांवर दात ठेवून म्हणाली. “सगळ्यांसमोर तमाशा नको.”

“करते तमाशा. ठेवायचं नाही.”

“शिकल्या की असं होतं,” मागून कुणीतरी म्हणालं. शेजारची काकू म्हणाली, “अगो, बापानं जीव ओतून केलाय. अपशकुन करू नको.” आई रडायला लागली. माझ्या धरण्याने पाळणा हलत होता, रिकामा, आणि सगळ्या बायका त्या हलण्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात बाबा दारात आले. शिफ्टवरून सरळ, कंपनीच्या कपड्यांत, बूट न काढता. ते मला ओरडतील म्हणून सगळ्या त्यांच्याकडे वळल्या.

“ती बोलते ते खरं हाय,” बाबा म्हणाले.

कुणाला कळेना.

“त्या चौकटींवर ड्रम होते. एक फुटला. फळ्यांनी सगळं पिऊन घेतलं. मीच पाणी मारलं पायपानं. सुपरवायझर बोलला, घेऊन जा, पण कुठं बोलायचं नाय. फेकायला त्यांना परवानगी लागते, कागद लागतात. आपल्या घरी फेकलं. मला वाटलं, सुकलं की जाईल. रंधा मारला की जाईल.”

ताईने बाळाला छातीशी घट्ट धरलं. तिने बाबांकडे पाहिलं, मग मोरांकडे.

बाबांनी स्वतः पाळणा उतरवला. आईच्या जुन्या साडीची झोळी त्याच तुळईला बांधली. बाळाचं नाव तिच्यात ठेवलं गेलं, घाईघाईत, अर्ध्या आवाजात. पाळणा त्यांनी त्याच संध्याकाळी करवतीने कापला. मी पडवीच्या पायरीवर बसून होते. मोर कापताना त्यांचा हात थांबला नाही.

पण कापून करायचं काय? जाळायचं नाही, हे आता कळलं होतं. शेतात पुरायचं नाही. नदीत टाकायचं नाही. ढीग पडवीच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली पडून आहे. बाबांनी एका पटाशीवरचं पत्रक सोडवलं, हाताने सपाट केलं आणि मला दिलं. “मागची बाजू कोरी हाय,” म्हणाले. “लिही. टेम्पो आणखी कुठं कुठं गेला ते मी सांगतो.”

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं पोळपाट परत मागायला आळीत फिरलो. पहिलं दार काकूचं. ती चुलीपुढे बसली होती. बाबांनी सगळं पुन्हा सांगितलं, अडखळत, काही न लपवता. तिने ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली. मग नातवासाठी पोळी लाटायला पोळपाट पुढे ओढला आणि त्यावर पिठाचा गोळा ठेवला.

“दिलेलं परत नेतात काय?” ती म्हणाली. “आणि चांगला हाय की. पाऊसभर जमिनीवर होता. वाळवी पण शिवली नाय.”